दोन अग्निपथ, एक मांडवा

जुना पिक्चर चांगला की नवा, हा वाद आमच्या घरात कधी मिटला नाही, आणि मिटावा असं मला वाटतही नाही. पण वाद घालायचीही एक रीत असते. ‘अमिताभ तो अमिताभच’ एवढं बोलून एक पिढी उठून जाते, ‘केवढं रेंगाळतंय हे!’ म्हणत दुसरी मोबाइल उघडते, आणि दोन्ही सिनेमे न बोलताच राहून जातात. ‘अग्निपथ’च्या बाबतीत मला हे सोसवत नाही. पहिला मुकुल आनंद यांचा, १६ फेब्रुवारी १९९०ला आलेला. दुसरा करण मल्होत्राचा, २६ जानेवारी २०१२चा. दोन्हींची गोष्ट मांडव्यात सुरू होते आणि मांडव्यातच संपते. मी त्याच अलिबाग तालुक्यातली, एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी. वडिलांबरोबर, नवऱ्याबरोबर, आता कॉलेजात जाणाऱ्या भाच्यांबरोबर हे दोन्ही सिनेमे पुन्हापुन्हा पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. नवा आधी पाहावा, जुना मागाहून

जुना आधी पाहिलेला असला की नवा बघताना आपण हजेरी घेत बसतो. हा संवाद आला का, तो प्रसंग कुठे गेला, जुन्यातला नारळपाणीवाला का नाही? सिनेमा बाजूला राहतो आणि हातात फक्त यादी उरते. माझ्या भाचीने २०१२चा आधी पाहिला. मग मी तिला १९९०चा दाखवायला बसले, तर अर्ध्या तासाने तिने विचारलं, “मावशी, यात रौफ लाला कधी येणार?” तो नव्यातलाच खलनायक, यात येणारच नाही म्हटल्यावर ती सरळ होऊन बसली. आता तिच्यासाठी जुना सिनेमा नवा झाला होता. मूळ सिनेमात एक माणूस नाही म्हटल्यावर त्याच्यावाचून गोष्ट पुढे सरकते कशी, हे ती बघायला लागली. आमच्या पिढीला ही संधी मिळणं अवघड. धाकट्यांना मिळते, ती वाया घालवू नये.

२. मारामारीच्या आधीचा भाग नीट पाहावा

अ‍ॅक्शनपटाची तुलना करताना लोक शेवटाकडे धावतात. मला दोन्ही ‘अग्निपथ’ सुरुवातीलाच कळले. गावातला एक सज्जन शिक्षक, मास्टर दीनानाथ चौहान. त्याला मार्गातून हटवायचं आहे. बंदुकीने ते सोपं होतं, पण दोन्ही सिनेमांत बंदूक वापरली जात नाही, अफवा वापरली जाते. जुन्यात जमीनदार दिनकर राव आणि खलनायक कांचा चीना मिळून मास्तरांच्या चारित्र्यावर चिखल उडवतात, आणि गाव स्वतःच्या हातांनी त्यांचा जीव घेतं. नव्यात एका कोवळ्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून केल्याचा आळ त्यांच्यावर येतो आणि कांचा त्यांना भर गावासमोर वडाला फाशी देतो.

फरक बारीक वाटतो, पण सगळा सिनेमा त्यावर उभा आहे. जुन्यातले मास्तर गर्दीच्या हातून मरतात. कोणाचा दगड लागला ते सांगता येत नाही. कालपर्यंत ज्यांच्या पोरांना त्यांनी पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं, तेच ते लोक. नव्यात गर्दी आहेच, तीही खवळलेली आहे, पण दोर एकाच माणसाच्या हातात आहे. त्यामुळे बघणाऱ्याला रागासाठी एक चेहरा मिळतो आणि गाव हळूच मागच्या रांगेत सरकतं.

जुना ‘अग्निपथ’ आमच्या वाडीत गणपतीत लागला होता, मंडळाने भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. मास्तरांचा प्रसंग संपला तेव्हा माझे वडील, आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेले, शेजारच्या काकांना म्हणाले, “गुरुजीला मारायला कांचा लागत नाही हो, गावात एक कुजबुज पुरते.” काका काही बोलले नाहीत. मी तेव्हा लहान होते, मला वाक्य कळलं पण त्यामागचं काही कळलं नाही. पुढे वडिलांच्या एका बदलीमागची हकिगत आईकडून ऐकली, तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवलं. कोणत्या गावात, कोणी, ते इथे सांगायचं कारण नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर हा प्रसंग मला मसाला पिक्चरचा प्रसंग वाटला नाही. १९९०च्या सिनेमाला गावाविषयी काहीतरी ठाऊक होतं. २०१२च्या सिनेमाला ते ठाऊक आहे, पण तो त्यावर फार वेळ थांबत नाही.

३. नायकाचं हत्यार कोणतं, ते ओळखावं

दोन्हींचा नायक मास्तरांचा मुलगा विजय. जुन्या विजयचं हत्यार त्याचा आवाज आहे. अमिताभनी या भूमिकेसाठी आवाज मुद्दाम खाली नेला, घोगरा, खरखरीत केला. ‘गॉडफादर’मधल्या मार्लन ब्रँडोची आठवण व्हावी असा. प्रेक्षकांना तो रुचला नाही. काही ठिकाणी लोकांना वाटलं, थेटरची ध्वनियंत्रणाच बिघडली आहे. शेवटी नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करावं लागलं. आज तोच खरखरीत आवाज लोक डोक्यावर घेतात, नकला करतात.

त्या आवाजाचं काम नीट पाहायचं असेल तर कमिशनर गायतोंडेंसमोर विजय स्वतःची ओळख सांगतो तो प्रसंग पाहावा. पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, आणि मग वय, तेही वर्षं, महिने, दिवस आणि चालू तासासकट. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर जे असतं तेच सगळं. मास्तरांचा मुलगा गुंड झाला तरी दाखला पाठ आहे त्याला. तो स्वतःचं वय छत्तीस सांगतो; अमिताभ तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते, पण त्या ओळी ऐकताना हा हिशेब कोणाच्या मनात येत नाही. समोर विक्रम गोखले आहेत, आणि ते काय करतात तेही पाहण्यासारखं आहे. ते जागचे हलत नाहीत. एक नट बोलत असताना दुसऱ्याने कसं ऐकावं, हे शिकायला हा प्रसंग मी कोणालाही दाखवेन. या भूमिकेसाठी अमिताभना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हृतिक रोशनने या आवाजाशी स्पर्धा केली नाही, हा त्याचा मोठा शहाणपणा. त्याचा विजय बोलतो कमी. संवाद आहेत, नावाची ओळखही आहे, पण ती मिरवत नाही. त्याचं हत्यार डोळे. तो नजर खाली ठेवून वावरतो, आणि मान वर करतो तेव्हा आपण दचकतो. मालकाच्या घरात वाढलेल्या नोकराला नजर खाली ठेवायची सवय असते, ती त्याने अंगात मुरवली आहे. बहिणीला पहिल्यांदा जवळून पाहतो तेव्हा त्याच डोळ्यांत पाणी भरतं आणि तो ते लपवतही नाही. जुन्या विजयला असं कधीच जमलं नसतं. म्हणून ‘कोण भारी’ हा प्रश्नच मला पोकळ वाटतो. एक माणूस बापाचं नाव जगाला ऐकवत फिरतो, दुसरा ते मनात दाबून धरतो. दुःख एकच, पण ही दोन वेगळी माणसं आहेत.

४. मूळ म्हणजे अगदी मूळ असतंच असं नाही

१९९०च्या ‘अग्निपथ’वर ब्रायन डी पाल्मांच्या ‘स्कारफेस’ची छाया आहे, विशेषतः बहीण आणि मित्र यांच्या प्रेमाने नायक पेटतो त्या भागावर. आणि अल पचिनोचा तो १९८३चा ‘स्कारफेस’ स्वतःच रिमेक, हॉवर्ड हॉक्सच्या १९३२च्या चित्रपटाचा. ‘जुनं ते अस्सल’ असं कोणी म्हणालं की मी एवढंच सांगते आणि विषय बदलते.

५. खलनायक जितका अक्राळविक्राळ, तितका गावाचा गुन्हा लहान होतो

डॅनी डेन्झोंग्पाचा कांचा चीना सुटाबुटातला, काळ्या गॉगलचा, थंड डोक्याचा व्यापारी आहे. मॉरिशसला बसून कारभार करतो. त्याला मांडव्याचा राग नाही, प्रेम नाही. त्याला माल उतरवायला किनारा हवा आहे. असा माणूस भीतिदायक वाटतो, कारण तो आपल्याला कुठेही भेटू शकतो. आणि गावात त्याचा हात म्हणजे दिनकर राव, म्हणजे आपलाच माणूस.

संजय दत्तचा कांचा मांडव्यातच जन्मलेला, मुखियाचा मुलगा. पण तो माणूसच दिसत नाही. टक्कल, भुवया नाहीत, अंगभर काळे कपडे, कानात बाळी, तोंडी गीतेतले दाखले. लहानपणी रूपावरून हिणवलेला, म्हणून आरसा सहन न होणारा. कल्पना चांगली आहे; ज्याला गावाने चिडवलं तोच पुढे गावाच्या उरावर बसला, याच्यातून फार काही निघू शकलं असतं. पण त्याचा आकारच एवढा राक्षसी केला आहे, की तो गावचा असूनही गावाबाहेरचा वाटतो. रावण आला, रावण मेला, गाव सुटलं. मला इथे नवा सिनेमा कमी पडलेला वाटतो, आणि हे मी हृतिकच्या चाहत्यांना तोंडावर सांगते.

याची भरपाई रौफ लाला करतो. हे पात्र जुन्यात नाही. मल्होत्रा आणि इला बेदी दत्त यांच्या पटकथेने ते नव्याने घडवलं, आणि ते ऋषी कपूरना दिलं. १९७३च्या ‘बॉबी’पासून गुलाबी स्वेटर, डफली आणि प्रेमगीतं यांतच ज्यांना पाहिलं, ते ऋषी कपूर डोळ्यांत सुरमा घालून मुलींचा लिलाव पुकारतात. पुकारण्याची ती लय भाजीबाजारातली आहे. आवाज चढवायचा, भाव वाढवायचा, मधेच हसायचं. मी थेटरात पाहत होते तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला होता. कांचाला पाहून कोणी असं केलं नाही. लाला घरी बाप आहे, दोन मुलांवर जीव टाकणारा, आणि बाजारात लोकांच्या मुली विकणारा. अशा माणसाची शिसारी येते, कारण त्याच्यात काहीच परकं नाही.

लालामुळे गोष्टीचा कणाही बदलला. जुना विजय टोळीच्या भागीदारांत लवकर वर चढतो; त्याची गोष्ट सत्तेची आहे. नवा विजय वर्षानुवर्षं लालाच्या घरात राबतो, विश्वास कमावतो आणि मग तोच विश्वास मोडतो. तो ज्या घरात जेवला त्या घराला आग लावतो. या पापाची बोच जुन्या विजयला नव्हती. हे नव्या सिनेमाचं स्वतःचं देणं आहे, उसनं नाही.

६. काय गाळलं, त्याचा हिशेब मांडावा

कृष्णन अय्यर एम. ए., नारळपाणीवाला. मिथुन चक्रवर्तींना या भूमिकेसाठी फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. नव्यात तो नाही. लोक म्हणतात, बरं झालं, विनोदी पात्र होतं, नव्या सिनेमाच्या जातकुळीत बसलं नसतं. मला हे पटत नाही. कृष्णन हसवण्यापुरता नव्हता. तोही परगावाहून मुंबईत आलेला, शिकलेला असून नारळ फोडून पोट भरणारा. त्यानेच गोळ्यांनी चाळणी झालेल्या विजयला वाचवलं. म्हणजे ज्या शहरात ‘मला दुसरा रस्ताच नव्हता’ असं विजय म्हणतो, त्याच शहरात दुसऱ्या रस्त्याने चाललेला माणूस त्याच्या शेजारी उभा होता. कृष्णन गेला आणि नव्या विजयला आरसा दाखवणारं कोणी उरलं नाही. काली गावडे आहे, बडबडी, ब्यूटी पार्लर चालवणारी, जीव लावणारी, आणि प्रियांका चोप्राने ती मन लावून केली आहे. पण ती त्याला सांभाळते, त्याच्याशी वाद घालत नाही.

७. आईचं ताट

जुन्यात एक प्रसंग आहे जेवणाचा. विजय घरी येतो, पानावर बसायला जातो, आणि आई त्याला आधी हात धुवायला सांगते. कोणतीही आई सांगते तेच. पण रोहिणी हट्टंगडी ते अशा काही स्वरात सांगतात, की धुवायचं काय आहे ते दोघांनाही कळतं. मग अमिताभचा स्फोट होतो, तो गाजला, त्याच्या नकला झाल्या. माझी नजर मात्र दर वेळी रोहिणीताईंकडे जाते. त्या ऐकून घेतात आणि तसूभर मागे हटत नाहीत. प्रत्यक्षात त्या अमिताभपेक्षा वयाने लहान; तरी त्या पंगतीत त्याच मोठ्या वाटतात. त्यांनाही त्या वर्षीचं फिल्मफेअर मिळालं.

नव्यात झरिना वहाब आहेत. तिथे आई मुलाला टाकून निघून गेली आहे, आणि बहिणीला आपल्याला भाऊ आहे हेच ठाऊक नाही. विरह जास्त मोठा आहे, डोळ्यांत पाणी जास्त येतं, पण त्या जेवणाच्या पानासारखा प्रसंग नाही. घरात राहून, रोज समोर बसून, पोराचं अन्न नाकारणारी आई जास्त कठोर असते.

८. काळ कोणता होता, ते विसरू नये

१९९०चा ‘अग्निपथ’ पडला. पुरस्कार मिळाले, पैसे मिळाले नाहीत. यात सिनेमाचा दोष किती आणि काळाचा किती? अमिताभ १९८४ला अलाहाबादहून खासदार झाले, १९८७ला राजीनामा देऊन परतले. १९८९ला ‘तूफान’ आणि ‘जादूगर’ आपटले. त्याच सुमारास ‘कयामत से कयामत तक’ आणि मग ‘मैंने प्यार किया’ने पोरापोरींना पुन्हा थेटरात आणलं होतं. प्रेमाच्या चिठ्ठ्या पोचवणारं कबूतर बघून आलेल्या प्रेक्षकासमोर हा घोगऱ्या आवाजाचा, पांढऱ्या सुटातला, हळूहळू मरत जाणारा माणूस उभा राहिला. लोकांनी पाठ फिरवली. पुढच्याच वर्षी याच मुकुल आनंद यांचा ‘हम’ चालला. १९९७ला ‘दस’चं काम चालू असताना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. धूर, मागून येणारा प्रकाश, जमिनीलगतचा कॅमेरा ही त्यांची भाषा होती, आणि पुढच्या कित्येकांनी ती उचलली.

२०१२चा मात्र पहिल्याच दिवशी गर्दीचे विक्रम मोडत आला.

९. कानांनी पाहावं

नव्याचं संगीत अजय-अतुल यांचं, त्यामुळे आपल्या कानांना त्यात घरचं ऐकू येतं. गणपतीचं गाणं दोन्हीत आहे. जुन्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी केलेलं विसर्जनाचं, कोळीवाड्याच्या जवळ जाणारं, गोड. नव्यातलं अजय गोगावलेच्या गळ्यातलं. त्यात ताशा आधी छातीत वाजतो आणि मग कानात. गुलालात माखलेल्या गर्दीतच सूड शिरतो, आणि भक्ती कुठे संपली नि हिंसा कुठे सुरू झाली ते कळत नाही. मिरवणुकीत नाचलेल्या कोणालाही ही सीमा किती पातळ असते ते माहीत आहे. तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

नव्यातली ‘चिकनी चमेली’ ही मात्र २००६च्या ‘जत्रा’मधली आपली ‘कोंबडी पळाली’. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी ती अशी काही गायली होती की वरातीत म्हातारेही उठत. संगीतकारांनी आपलीच चाल पुन्हा वापरली, त्यात काही वावगं नाही, आणि श्रेया घोषालने वेगळ्या ढंगात ती झकास म्हटली. खटकते ती जागा. कित्येक वर्षांनी विजय बापाच्या मरणाच्या भूमीवर पाऊल ठेवतो आणि तिथे हे गाणं सुरू होतं. कांचाच्या मांडव्यात काय चालतं ते दाखवायचं होतं, हे समजतं. पण गाणं इतकं उचलून धरतं, की प्रेक्षक वड विसरतो. हृतिक त्या गाण्यात नजर खाली घालून बसला आहे. तेवढंच काय ते योग्य.

१०. पडद्यावरचं गाव आणि नकाशावरचं गाव

भाच्यांना मी एकदा खऱ्या मांडव्याला नेलं. गेट वेवरून कॅटमरान, तासाभरात धक्का. २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोही आहे, गाडीसकट माणूस उतरतो. पोरांनी उतरल्याउतरल्या विचारलं, वड कुठे आहे? नव्या सिनेमाचा मांडवा दीवला चित्रित झाला आहे. तिथला उजेड कोरडा, दगड करडा, किनारा उघडा. आमच्याकडे नारळी-सुपारीच्या वाड्या, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची भातखाचरं आणि खाडीच्या बाजूला खारबांध. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं ती जमीन पिकत नाही.

नव्या सिनेमात मास्तर गावकऱ्यांना मिठाच्या धंद्यावर उभं करू पाहतात आणि कांचाला त्याच जमिनीवर अमली पदार्थांचा कारभार हवा असतो. पेण-उरणकडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. जमिनीसाठी माणूस काय करतो, हे आमच्या पट्ट्यात सिनेमाने सांगायची गरज नाही. धक्क्यापासून अलिबागच्या रस्त्याला लागा; दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, आत हिरवळ, आणि कुंपणाबाहेर पूर्वीचे मालक माळीकाम करतात. जमीन कोणी जबरदस्तीने घेतली नाही, रीतसर व्यवहार झाले. तरी विजय मुंबईच्या बदल्यात मांडवा मागतो ना, त्या प्रसंगाला आमच्याकडे थेटरात जेवढी शांतता होती तेवढी मला दुसरीकडे कुठे आढळली नाही.

११. रिमेक का केला, हे विचारावं

या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर दिसतं. २००६च्या ‘डॉन’मध्ये ते दिसतं, १९७८च्या गोष्टीचा शेवट उलटवून फरहान अख्तरने विचारलं, की ज्याला आपण भला माणूस समजत होतो तो तोच होता कशावरून? २०१३च्या ‘जंजीर’मध्ये मला ते कुठेच सापडलं नाही. नाव होतं, पात्रं होती, गरज नव्हती.

‘अग्निपथ’ला गरज होती. १९९०चा सिनेमा यश जोहर यांनी काढला होता. तो पडल्याचं दुःख त्यांना फार झालं, असं त्यांचे चिरंजीव करण जोहर सांगत आले आहेत. २००४ला यशजी गेले. त्यानंतर मुलाने वडिलांचा तोच सिनेमा पुन्हा उभा केला. आणि सिनेमाची गोष्ट काय, तर बापाचं हरलेलं नाव मुलाने परत मिळवण्याची. शिवाय ज्या कवितेवरून नाव आलं ती हरिवंशराय बच्चन यांची; १९९०ला त्यांच्या हयातीत त्यांचा मुलगा पडद्यावर ती जगत होता. एका सिनेमाभोवती इतके बाप आणि इतके मुलगे क्वचित गोळा होतात. नव्या ‘अग्निपथ’मधले दोष मला माहीत आहेत, वर सांगितलेही आहेत, पण तो बनवणाऱ्यांना काहीतरी फेडायचं होतं हे प्रत्येक रिळात जाणवतं. म्हणून मी तो पुन्हा पाहते.

१२. दोघांनीही जे केलं नाही

दोन्ही विजय शेवटी मांडव्यात, आईच्या कुशीत मरतात. जुना स्फोटांमधून आणि आगीतून चालत येऊन. नवा आधी कांचाकडून बेदम मार खाऊन, भोसकला जाऊन, मग उठून त्याच वडाला कांचाला लटकवून. हृतिकने तो मार जसा घेतला आहे, तशी मारामारी आपल्याकडे फार कमी दिसते. प्रत्येक घावानंतर उठायला त्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो.

पण त्या दोन्ही शेवटांत गावकरी कुठे आहेत, ते मी दर वेळी शोधते. ज्यांनी मास्तरांवर हात टाकला, किंवा दोर आवळला जाताना पाहत राहिले, त्यांच्यातला एकही पुढे येऊन मास्तरांच्या बायकोसमोर उभा राहत नाही. मुलाने गाव सोडवलं, बदला घेतला, जीव दिला. गावाने काय दिलं? कोणी तिसरा ‘अग्निपथ’ करायला घेतलाच, तर त्याने विजय कोण होणार याची चिंता नंतर करावी. आधी मांडव्यातला एक म्हातारा शोधावा, त्या दिवशी गर्दीत असलेला, मास्तरांकडूनच सही करायला शिकलेला, आणि निदान दहा मिनिटं त्याला बोलू द्यावं.